जागल्यांचे खून आणि कपाटात झोपलेला कायदा

इंग्रजीतल्या 'व्हिसलब्लोअर' या शब्दासाठी मराठी वर्तमानपत्रांनी 'जागल्या' हा शब्द रूढ केला आहे. शब्द चांगला आहे, पण तो वापरणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा इतिहास ठाऊक असतो? जागल्या म्हणजे गावगाड्यातला रात्रीचा राखणदार. गाव झोपलं की याने जागायचं, गस्त घालायची, चोर आला तर हाळी द्यायची. हे काम कोणाच्या वाट्याला होतं? महार, रामोशी, कोळी, भिल्ल अशा जातींच्या. गावाची इस्टेट ज्यांची, ते वाड्यात झोपायचे आणि ज्याच्या नावावर इस्टेट नाही, तो वेशीवर जागायचा.

महाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. गावाच्या शिवेचा वाद निघाला की महाराची साक्ष प्रमाण मानली जायची. कोणाचा बांध कुठे, कोणी कोणाचा धुरा सरकवला, हे त्याला माहीत असायचं. म्हणजे ज्याला पाणवठ्याला शिवू देत नव्हते, त्याच्याच तोंडून सत्य ऐकण्याची गावाला गरज पडत होती. पण ते सत्य पाटलाला परवडणारं असेल तोवरच. नाही परवडलं, तर बलुतं बंद. त्याला मारायचीही गरज नव्हती, खळ्यावरून रिकाम्या हाताने परत पाठवलं की काम भागायचं.

मित्रहो, आजच्या जागल्यांचं काय होतं हे समजून घ्यायचं असेल, तर ही जुनी रचना डोळ्यांपुढे ठेवावी लागते. नाहीतर आपण प्रत्येक खुनाकडे सुटी घटना म्हणून पाहतो, दोन दिवस हळहळतो आणि विसरतो.

नाव गुप्त ठेवा, असं त्याने लिहिलं होतं

सत्येंद्र दुबे हे कानपूरच्या आयआयटीतून शिकलेले अभियंते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात नोकरीला होते. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पाच्या बिहारमधल्या कामात चाललेली लूट त्यांनी पाहिली. नोव्हेंबर २००२ मध्ये त्यांनी थेट पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांना पत्र लिहिलं आणि आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली. झालं काय? ते पत्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया शहरात दुबे यांना गोळी घालून मारण्यात आलं. तपास यंत्रणेने हा लुटीच्या उद्देशाने झालेला खून ठरवला आणि २०१० मध्ये तिघांना जन्मठेप झाली. पत्र कोणाकोणाच्या टेबलावरून फिरलं, ते नाव बाहेर कसं गेलं, याची शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही.

दोन वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खिरीत षण्मुगम मंजुनाथ यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते इंडियन ऑइलचे विक्री अधिकारी होते. भेसळीचा पेट्रोल पंप सील केला, एवढाच त्यांचा गुन्हा.

आपल्या महाराष्ट्रात १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांचा सकाळी फिरायला गेलेले असताना खून झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे गैरव्यवहार त्यांनी माहिती अधिकारातून बाहेर काढले होते. त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. ते मिळालं नाही. पुढे २०१४ मध्ये सीबीआयने हा तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात दिला.

आणि २५ जानेवारी २०११. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन. मनमाडजवळ पानेवाडी इथे तेलाची भेसळ उघड करायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भरदिवसा जिवंत जाळलं गेलं. अपर जिल्हाधिकारी म्हणजे शासनच. शासनाचा एवढा मोठा अधिकारी जिथे सुरक्षित नाही, तिथे ग्रामपंचायतीत अर्ज टाकणाऱ्या शेतमजुराची काय कथा?

ज्यांच्यासाठी मेणबत्त्या पेटल्या नाहीत

दुबे आणि मंजुनाथ यांच्यासाठी देशभर आवाज उठला. त्यांच्या संस्थांचे माजी विद्यार्थी उभे राहिले, इंग्रजी वाहिन्यांनी विषय लावून धरला. ते योग्यच झालं. माझा प्रश्न पुढचा आहे. आयआयटी-आयआयएमचा शिक्का नसलेल्या जागल्याचं काय?

गुजरातच्या राजकोट जिल्ह्यातल्या माणेकवाडा गावचे नानजीभाई सोंदरवा. दलित. गावातल्या रस्त्याच्या कामावर झालेल्या खर्चाचा हिशेब त्यांनी माहिती अधिकारात मागितला. मार्च २०१८ मध्ये त्यांचा खून झाला. आरोपींना जामीन मिळाला. पुढच्याच वर्षी, मे २०१९ मध्ये, त्यांच्या तरुण मुलालाही मारून टाकण्यात आलं. बापाने रस्त्याचा हिशेब मागितला, मुलाने बापाच्या खुनाचा न्याय मागितला. एका घरातले दोन पुरुष गेले.

त्याच गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातल्या सनोदर गावचे अमराभाई बोरिचा. दलित, माहिती अधिकार कार्यकर्ते. आधी हल्ले झालेले, संरक्षणाची मागणी केलेली. मार्च २०२१ मध्ये जमावाने घरात शिरून त्यांना ठार केलं.

ही नावं तुम्ही किती वेळा ऐकली? मराठी वाहिन्यांवर यांच्यावर किती चर्चा झाल्या? गुणवत्ता फक्त वरच्या जातींकडे असते असं मानणाऱ्या समाजात धैर्यसुद्धा त्यांच्याकडेच असतं असं गृहीत धरलं जातं. अभियंता भ्रष्टाचार उघड करतो तेव्हा तो देशभक्त ठरतो. दलित शेतमजूर तेच करतो तेव्हा तो गावात भांडणं लावणारा ठरतो आणि त्याचा खून 'जुन्या वैमनस्यातून' झालेला असतो. पोलिसांच्या कागदावरचा हा एक शब्द कितीतरी हौतात्म्यं गिळून बसला आहे.

खैरलांजी आपण कशी वाचतो?

खैरलांजी आपण जातीय अत्याचाराचं प्रकरण म्हणून लक्षात ठेवली आहे आणि ते तसंच आहे. पण त्या दिवशी नेमकं काय घडलं होतं ते आठवा. सप्टेंबर २००६ च्या सुरुवातीला भोतमांगे कुटुंबाच्या जवळच्या एका माणसाला मारहाण झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी पोलिसांसमोर हल्लेखोरांची ओळख पटवली. गावातल्या बलदंड जातीच्या माणसांविरुद्ध, त्याच गावात राहून, दोन दलित बायांनी साक्ष दिली. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या आरोपींना जामीन मिळाला. त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून आला आणि सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर या चौघांना संपवण्यात आलं.

म्हणजे खैरलांजी हे साक्षीदाराला दिलेल्या शिक्षेचंही प्रकरण आहे. 'तुम्ही आमच्याविरुद्ध तोंड उघडलंतच कसं?' हा त्या जमावाचा सवाल होता. आणि न्यायालयात काय झालं? भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासावर आणली. भैयालाल भोतमांगे न्यायासाठी खेटे घालत राहिले आणि जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

सुरेखाताईंना कोणी 'जागल्या' म्हणत नाही. का म्हणत नाही? त्यांच्याकडे फाईल नव्हती, घोटाळ्याचा कोटींतला आकडा नव्हता. पण जे पाहिलं ते सांगितलं आणि सांगितलं म्हणून मारलं गेलं, ही जागल्याची व्याख्या असेल तर त्यांच्याहून मोठी जागल्या या महाराष्ट्रात कोण?

कायदा आहे, पण कपाटात

दुबे यांच्या खुनानंतर सर्वोच्च न्यायालयाने सरकारला हलवलं. एप्रिल २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढून अशा तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. पुढे दहा वर्षं विधेयकाचं घोंगडं भिजत राहिलं. अखेर २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला आणि ९ मे २०१४ रोजी राष्ट्रपतींची सहीही झाली.

आणि मग? मग काहीच नाही. कायदा लागू करण्याची तारीख सरकारने अधिसूचनेने जाहीर करायची होती. दहा वर्षांहून अधिक काळ उलटला, ती अधिसूचना निघालेली नाही. उलट २०१५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत मंजूर करून घेतलं गेलं. त्यात माहितीचे दहा प्रकार तक्रारीतून वगळले होते आणि शासकीय गुपिते कायद्याच्या कारवाईपासून जागल्याला मिळणारं संरक्षणही काढून घेतलं होतं. म्हणजे चोरी दाखवणाऱ्यावरच गुपित फोडल्याचा गुन्हा. ते विधेयक राज्यसभेत अडकलं आणि पुढे बाद झालं. मूळ कायदा मात्र तसाच कपाटात राहिला.

तो मूळ कायदासुद्धा फार धारदार आहे असं नाही. निनावी तक्रारीची दखलच घेता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. नावासकट फिरलेल्या एका पत्रानंतर ज्या कायद्याची मागणी पुढे आली, तोच कायदा म्हणतो, आधी नाव सांगा! जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीस हजारांपर्यंत दंड आहे. जागल्याचा छळ करणं हा मात्र त्यात स्वतंत्र फौजदारी गुन्हा नाही.

दुसरीकडे माहिती अधिकाराचे दात एकेक करून उपटले जात आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि पगार ठरवणं केंद्र सरकारच्या हाती गेलं. २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ज) बदललं. आधी व्यक्तिगत माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर द्यावी, असं ते कलमच सांगत होतं. आता 'व्यक्तिगत' म्हटलं की दार बंद. घरकुल कोणाच्या नावावर उचललं, रोजगार हमीच्या हजेरीपटावर कोणाची खोटी नावं आहेत, शिष्यवृत्ती कोणी लाटली, हे नावांशिवाय कसं सिद्ध करायचं? आणि हे घोटाळे कोणाच्या हक्कावर होतात? घरकुल कोणाचं, शिष्यवृत्ती कोणाची, रोजगार हमीवर राबतं कोण? याचं उत्तर वाचकांना वेगळं सांगायला नको.

बाबासाहेबांनी हे आधीच सांगितलं होतं

हक्क कागदावर देऊन भागत नाही, तो वापरणाऱ्याचं पोट आणि जीव सुरक्षित पाहिजे, हा मुद्दा बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीपासून लावून धरला होता. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. १९३० च्या त्या अहवालात स्पष्ट मांडलं आहे की अस्पृश्यांनी हक्क बजावण्याचं धाडस केलं की सवर्ण त्यांची जमीन काढून घेतात, मजुरी थांबवतात, गावकीच्या कामाचा मोबदला बंद करतात. ज्याची भाकरी गावाच्या हातात, त्याला गावाविरुद्ध बोलता येत नाही. म्हणूनच गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवण्याची मागणी केली. म्हणूनच १९२८ मध्ये महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारं विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात आणलं. वतन म्हणजे मान नव्हे, तोंडावर बांधलेलं फडकं आहे हे त्यांना दिसत होतं.

आता आजच्या वतनाकडे या. आजचं वतन म्हणजे कंत्राट. संविधानाच्या कलम ३११ ने सरकारी नोकराला चौकशीशिवाय काढता येणार नाही असं कवच दिलं. मागच्या दाराने ते कवच काढून घेतलं जात आहे. सफाई कामगार कंत्राटी, रुग्णालयातला वॉर्डबॉय कंत्राटी, डेटा ऑपरेटर कंत्राटी, आता तर शिक्षकसुद्धा कंत्राटी. आरक्षण तर गेलंच, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, जिची चर्चा होत नाही. कायम नोकरी ही पगाराची सोय होती, तशीच ती खरं बोलण्याचीही सोय होती. विजय पांढरे यांच्यासारखा मुख्य अभियंता २०१२ मध्ये सिंचनातल्या गैरप्रकारांवर सरकारला पत्र लिहू शकला आणि त्या पत्राने मंत्रालय हादरलं. त्यांच्या धैर्याला सलामच. पण त्या धैर्याच्या पाठीशी कायम सेवेचं कवच होतं, हेही खरं आहे. अकरा महिन्यांच्या करारावरचा कनिष्ठ अभियंता तसं पत्र लिहील का? लिहिलं, तर त्याला गोळी घालायची गरजच काय? करार वाढवला नाही की झालं. खळ्यावरून रिकाम्या हाताने परत पाठवणं ते हेच.

आणि गैरकारभार सगळ्यात आधी दिसतो कोणाला? वरच्या साहेबाला नव्हे. गटारात विनासाधन उतरवलेल्या कामगाराला दिसतो. धान्य मापात किती मारलं जातं, हे रेशनच्या हमालाला दिसतं. मुलांच्या खाऊचं काय होतं, हे अंगणवाडीच्या मदतनीस बाईला दिसतं. जातिव्यवस्थेने ज्यांना तळाला ढकललं, त्यांनाच व्यवस्थेचा तळ दिसतो. सगळ्यात जास्त माहिती ज्याच्याकडे, सगळ्यात कमी संरक्षण त्यालाच. या देशातला भ्रष्टाचार टिकून आहे तो या व्यस्त प्रमाणामुळे.

बेझवाडा विल्सन यांचं उदाहरण घ्या. कोलार गोल्ड फील्ड्समधल्या सफाई कामगार कुटुंबात जन्मलेला हा माणूस. १९९३ मध्ये हाताने मैला साफ करण्यावर बंदी आली, तरी कोरडे संडास चालूच होते आणि अधिकारी ते नाकारत होते. विल्सन आणि त्यांचे सहकारी फोटो काढून पुरावे गोळा करत राहिले. २००३ मध्ये सफाई कर्मचारी आंदोलनाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा राज्य सरकारं आमच्याकडे ही प्रथाच नाही असं सांगत होती. ज्याचा वास गल्लीतल्या प्रत्येकाला येत होता, ते सरकारला दिसत नव्हतं! २०१४ मध्ये निकाल आला आणि सरकारांना सत्य मान्य करावं लागलं. विल्सन टिकले याचं कारण ते एकटे नव्हते. हजारो सफाई कामगारांची संघटना त्यांच्यामागे उभी होती.

'पण हे लोक ब्लॅकमेलर असतात'

हा आक्षेप ठरलेला आहे. माहिती अधिकारवाले खंडणी मागतात, अधिकाऱ्यांना काम करू देत नाहीत वगैरे. काही जण तसे आहेतही. त्यांच्यासाठी खंडणीचं कलम आहे, ते लावा. चार वकील लबाड निघाले म्हणून कोणी न्यायालयं बंद करत नाही. आणि थोडा विचार करा, जो पैसे घेऊन गप्प बसतो, त्याला मारण्याची गरज कोणाला पडते? विकत घेता येतो त्याचा भाव ठरतो. जो विकला जात नाही, त्याच्यासाठी सुपारी दिली जाते.

'परदेशात बघा, तिथे जागल्यांचा सन्मान होतो' असंही काही जण सांगतात. तेही अर्धसत्य आहे. अमेरिकी लष्कराची कागदपत्रं उघड करणाऱ्या चेल्सी मॅनिंग यांना २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली, जी पुढे ओबामांनी कमी केली. एडवर्ड स्नोडेन २०१३ पासून रशियात आहेत. सत्तेच्या वर्मावर बोट ठेवलं की सत्ता कुठेही चावते. फरक एवढाच की तिथे बदला घ्यायला सरकारला कायदे शोधावे लागतात. इथे सरकारने नुसतं बघत राहिलं तरी चालतं, बाकीचं काम जात करते.

मागायचं काय?

पहिली मागणी, २०१४ चा कायदा विनाविलंब लागू करा. पुराव्यानिशी आलेली निनावी तक्रार स्वीकारण्याची तरतूद त्यात घाला, जागल्याच्या छळाला शिक्षापात्र गुन्हा ठरवा आणि कंत्राटी कामगारांना त्यात स्पष्टपणे संरक्षण द्या. जागल्याचा करार संपवणं हाही छळच धरला पाहिजे.

दुसरी, ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५-अ खरोखर राबवा. पीडित, त्यांचे वारस आणि साक्षीदार यांना धमकी, आमिष, हिंसा यांपासून संरक्षण देणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं ते कलम सांगतं. हे कलम आयतं मिळालेलं नाही, त्यामागे कित्येक वर्षांची चळवळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला देशभर कायद्याचं बळ दिलं. पण तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, कलम १५-अ खाली आजवर किती साक्षीदारांना संरक्षण दिलं? हा प्रश्न माहिती अधिकारातच विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

तिसरी, सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून आहे. गावात तक्रार करणाऱ्याचं पीठ-मीठ तोडलं तर तो वापरा. तोंडी तक्रार करून परत येऊ नका.

आणि चौथी गोष्ट सरकारकडे मागायची नाही, ती आपल्याला करायची आहे. खून एकट्या माणसाचा होतो. अर्ज एकाच्या नावावर असतो, म्हणून गोळीवर कोणाचं नाव लिहायचं ते मारणाऱ्याला कळतं. तोच अर्ज वीस गावांतून वीस जणांनी टाकला तर कोणाला मारणार? आपल्याकडे विहारं आहेत, महिला मंडळं आहेत, जयंती समित्या आहेत, वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. प्रत्येक तालुक्यात यातून दहा जणांनी ठरवलं की इथल्या कोणत्याही कामगाराने, कोणत्याही बाईने गैरकारभार उघड केला तर अर्जावर आपल्या सगळ्यांच्या सह्या असतील आणि तारखेला आपण सगळे न्यायालयात हजर असू, तर खैरलांजी घडवायला निघालेल्यांना दहा वेळा विचार करावा लागेल. जयंतीच्या मिरवणुकीला जेवढी माणसं जमतात, त्यातली एक टक्का माणसं जरी कोर्टाच्या तारखेला जमली, तरी साक्षीदाराचा पाय डगमगणार नाही.

गावगाड्याच्या जागल्याला झोपलेल्या गावासाठी एकट्याने जागावं लागत होतं. ती वाटणी बाबासाहेबांनी नाकारली. त्याच जुन्या वाटणीवर आजचे जागले मरत असतील, तर संघटित व्हा हा त्यांचा आदेश आपण फक्त भिंतीवर रंगवला आहे असा त्याचा अर्थ होतो. तुमच्या वस्तीत, कारखान्यात, कार्यालयात आज कोणीतरी एक अर्ज लिहून खिशात घेऊन फिरत असेल आणि टाकू की नको या विचारात असेल. त्याला गाठा आणि त्या अर्जावर आधी आपली सही करा.

जय भीम!